ऑप्शन ट्रेडिंगचा प्राथमिक अभ्यासक्रम: खरेदीची बाजू नीट, विक्रीची अर्धीच

ज्यांच्याकडे काही वर्षांपासून शेअर आहेत, पण ऑप्शन चेन, म्हणजे ठरलेल्या भावाने शेअर घेण्या-विकण्याच्या अधिकारांचा (ऑप्शनचा) भावतक्ता, उघडली की आकड्यांची ती भिंत पाहून जे ती लगेच बंद करतात, अशा गुंतवणूकदारांसाठी मराठीतून तयार केलेला १४ धड्यांचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. मी स्वतः त्याच वर्गातला आहे. मला रोजची उलाढाल करायची नव्हती. हाती असलेल्या शेअरना संरक्षण कसे घ्यावे आणि त्यांच्यावर कॉल (तो शेअर ठरलेल्या भावाने घेण्याचा अधिकार) विकून काही पदरात पडते का, एवढेच समजून घ्यायचे होते. चित्रफिती सुमारे ९ तासांच्या आहेत, पण सोबतचा सराव मन लावून केला तर ६ आठवडे सहज जातात. सरावासाठी खोट्या पैशांचे एक खाते मिळते आणि नफा-तोट्याचा आलेख काढून देणारे एक साधनही मिळते. संस्थेने घेतलेल्या शुल्काचा अर्धा मोबदला मला या साधनातच मिळाला, असे मी म्हणेन.

पहिला धडा इतिहासाचा आहे आणि तो गरजेपेक्षा लांबला आहे. ऑलिव्हचे पीक भरघोस येणार हे ओळखून थेलीस या ग्रीक तत्त्वज्ञाने हिवाळ्यातच थोडी थोडी अनामत देऊन तेलाचे घाणे राखून ठेवले आणि हंगामात ते चढ्या भाड्याने दिले, ही ॲरिस्टॉटलने सांगितलेली गोष्ट ऑप्शनच्या शिकवणीत हमखास येते. इथे ती सचित्र येते. त्यापुढचा तपशील मला अधिक उपयोगी वाटला. २६ एप्रिल १९७३ रोजी शिकागोत ऑप्शनचा संघटित बाजार सुरू झाला, तेव्हा तिथे केवळ १६ कंपन्यांच्या शेअरवरचे ऑप्शन होते आणि तेही फक्त कॉल. पुट (ठरलेल्या भावाने विकण्याचा अधिकार) यायला १९७७ उजाडले. फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांचे किंमत काढण्याचे सूत्रही १९७३ मध्येच प्रसिद्ध झाले. बाजार आणि त्याचे माप एकाच वर्षी मिळाले, हे शिक्षकांनी नेमके पकडले आहे. तरीही या धड्याला ४० मिनिटे आणि पुढे मार्जिनला, म्हणजे विकणाऱ्याने दलालाकडे ठेवायच्या अनामतीला, १२ मिनिटे, ही वाटणी मला पटली नाही, आणि त्याचे कारण ओघात येईलच.

परिभाषेचे तीन धडे हा या अभ्यासक्रमाचा सर्वांत कसदार भाग आहे. कॉल म्हणजे ठरलेल्या किमतीला खरेदी करण्याचा अधिकार आणि पुट म्हणजे ठरलेल्या किमतीला विक्री करण्याचा अधिकार, ही व्याख्या कुठेही मिळते. खरी अडचण त्यापुढे आहे, कारण हे अधिकार स्वतःच विकत घेता येतात आणि विकताही येतात, आणि ‘विकण्याचा अधिकार विकला’ किंवा ‘विकण्याचा अधिकार विकत घेतला’ असली वाक्ये मराठीत ऐकताना चांगल्या चांगल्यांचा गोंधळ उडतो. शिक्षकांनी यावर एक साधी शिस्त पाळली आहे. घेणाऱ्याबद्दल बोलताना ते कायम ‘अधिकार’ हा शब्द वापरतात आणि विकणाऱ्याबद्दल बोलताना कायम ‘बंधन’. पुट विकला, म्हणजे समोरच्याने शेअर आणून दिला तर तो ठरलेल्या भावाने घेण्याचे बंधन आपण स्वीकारले आणि त्या बंधनाचा मोबदला म्हणून प्रीमियम घेतला. ही शिस्त तिन्ही धडे एकदाही मोडत नाही, त्यामुळे चौथ्या धड्यापर्यंत कोण कोणाला काय देणे लागतो, हा प्रश्न मला पडेनासा झाला.

प्रीमियमची फोडही तितकीच स्वच्छ केली आहे. शेअर १०० वर आहे, ९५ च्या स्ट्राइकचा (ठरलेल्या किमतीचा) कॉल ७ ला मिळतो आहे. यातले ५ हे आंतरिक मूल्य, कारण तो अधिकार आज वापरला तरी तेवढे हाती येतात, आणि उरलेले २ हे कालमूल्य, म्हणजे मुदत संपेपर्यंत काही घडेल या आशेची किंमत. इन द मनी (आज वापरला तर काही हाती येणारा), ॲट द मनी (शेअरच्या चालू भावाइतक्याच स्ट्राइकचा) आणि आउट ऑफ द मनी (आज वापरून काही न मिळणारा) हे शब्द या फोडीनंतर आले असल्यामुळे ते पाठ करावे लागत नाहीत. त्याच धड्यात ब्रेकइव्हनचे, म्हणजे ना नफा ना तोटा अशा भावाचे, एक उदाहरण आहे, ते नवख्याने वहीत उतरवून ठेवावे असे आहे: शेअर १०० वर असताना १०५ चा कॉल ३ ला घेतला, मुदतीच्या दिवशी शेअर १०७ वर बंद झाला, म्हणजे अंदाज खरा ठरला, शेअर ७ टक्के चढला, आणि तरीही कॉलचे मूल्य २ भरल्याने १ चा तोटाच झाला. ऑप्शनमध्ये दिशा बरोबर येऊनही पैसे जातात, ही गोष्ट इतक्या लवकर आणि इतक्या कमी शब्दांत सांगितलेली मी याआधी पाहिली नव्हती.

पाचव्या धड्यात ग्रीक, म्हणजे ऑप्शनची किंमत कशाने किती बदलते याची मापे, येतात. डेल्टा (शेअरच्या भावाचा परिणाम), गॅमा (डेल्टाच बदलण्याचा वेग), थीटा (सरत्या काळाचा परिणाम) आणि व्हेगा (व्होलॅटिलिटीचा, म्हणजे भावाच्या हेलकाव्यांचा, परिणाम) यांच्या व्याख्या सांगून शिक्षक थांबत नाहीत. आलेखाच्या साधनात एक सरकपट्टी आहे, ती ते आपल्याला स्वतः हलवायला लावतात. शेअर १०० वर, स्ट्राइक १०० चा, व्होलॅटिलिटी ३० टक्के धरलेली आणि व्याज शून्य. मुदतीला ४ महिने असताना कॉलची किंमत ६.९ दिसते. पट्टी १ महिन्यावर आणली की ती ३.५ होते. म्हणजे चारपैकी तीन महिने गेले, पण किंमत निम्मीच उतरली. उरलेली निम्मी शेवटच्या एका महिन्यात जायची आहे. पट्टी ७ दिवसांवर आणल्यावर १.७ दिसते आणि अखेरच्या दिवशी ०.६ च्या आसपास. ॲट द मनी ऑप्शनचे कालमूल्य उरलेल्या मुदतीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात उतरते, हे वाक्य मी पूर्वी अनेकदा वाचले होते, पण बोटाने पट्टी सरकवताना तो आकडा आधी रेंगाळताना आणि मग घसरताना पाहिला तेव्हाच ते डोक्यात बसले. स्वस्त दिसतो म्हणून शेवटच्या आठवड्यातला कॉल घेण्याचा मोह ज्यांना होतो, त्यांनी ही पट्टी जरूर हलवून पाहावी. (व्हेगा नावाचे अक्षर ग्रीक वर्णमालेतच नाही, ही बारीकशी मौजही शिक्षक जाता जाता सांगतात.)

इम्प्लाइड व्होलॅटिलिटी, म्हणजे येत्या काळात शेअर किती हेलकावे खाईल असे बाजाराने धरले आहे त्याचे प्रीमियमवरून उलटे काढलेले माप, ही मला सर्वांत अवघड गेलेली कल्पना. अभ्यासक्रमात तिची व्याख्या आहे, सूत्रातले तिचे स्थानही दाखवले आहे. पण ती खरोखर समजली ती सरावाच्या खात्यात माझा एक सौदा बिघडला तेव्हा. एका कंपनीचे तिमाही निकाल दुसऱ्या दिवशी यायचे होते. शेअर १०० वर होता, आठवड्याभराच्या मुदतीचा १०० चा कॉल ४.४ ला होता आणि त्याची इम्प्लाइड व्होलॅटिलिटी ८० टक्क्यांवर चढलेली होती. मी तो घेतला. निकाल चांगले आले, शेअर १०३ वर गेला आणि माझा कॉल ३.५ वर आला. शेअर ३ टक्के वर आणि कॉल पाचव्या हिश्शाने खाली. काही चुकले असेल म्हणून मी पान दोनदा ताजे करून पाहिले. नंतर सातव्या धड्यातल्या साधनात तेच आकडे भरले, व्होलॅटिलिटी ८० वरून ३० टक्क्यांवर आणली आणि उत्तर बरोबर ३.५ आले. निकालाची अनिश्चितता संपली तशी तिच्यासाठी मोजलेली किंमतही संपली होती. हा अनुभव शिक्षकांनी धड्यातच उदाहरण म्हणून घालायला हवा होता, कारण नवखा माणूस पहिला कॉल बहुधा अशाच एखाद्या बातमीच्या आदल्या दिवशी घेतो.

स्प्रेडचे, म्हणजे एक ऑप्शन घेऊन दुसरा विकण्याच्या डावांचे, दोन धडे व्यवस्थित आहेत आणि त्यांच्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. १०० चा कॉल ४ ला घ्यायचा, ११० चा १ ला विकायचा, निव्वळ खर्च ३, ब्रेकइव्हन १०३, जास्तीत जास्त नफा ७. बुल कॉल स्प्रेडची ही मांडणी, तिचे पुटमधले भावंड बेअर पुट स्प्रेड आणि शेअर कोणत्या बाजूला जाईल याचा अंदाज नसताना कॉल आणि पुट दोन्ही घेऊन मांडायचे स्ट्रॅडल (एकाच स्ट्राइकचे) व स्ट्रँगल (वेगवेगळ्या स्ट्राइकचे) हे सगळे आलेखांसह आले आहे. आयर्न काँडोर मात्र प्राथमिक अभ्यासक्रमात कशाला, असा प्रश्न मला पडला. त्याचे चार लेग, म्हणजे दोन कॉल आणि दोन पुट असे चार सौदे, असतात आणि प्रत्येक लेगला खरेदी-विक्रीच्या भावांमधले अंतर सोसावे लागते. एका लेगमागे ०.२ गेले तरी आत शिरताना ०.८ जातात, मुदतीपूर्वी बाहेर पडायचे झाले तर आणखी ०.८, आणि एकूण हाती येणारा प्रीमियम ३ असेल तर त्यातला निम्म्याहून अधिक वाटेतच सांडलेला असतो. धड्यातल्या सुबक आलेखावर हे ०.२ कुठेच दिसत नाहीत.

आता मी ज्यासाठी आलो होतो त्या भागाकडे वळतो. आठव्या धड्यात कव्हर्ड कॉल शिकवला आहे आणि त्याचे उपशीर्षक ‘शेअरवरील नियमित उत्पन्न’ असे आहे. हाती १०० चा शेअर आहे, त्यावर ११० चा कॉल २ ला विकला. शेअर ११० च्या आत राहिला तर २ आपले. शेअर १३० वर गेला तर तो ११० ला द्यावा लागतो, म्हणजे प्रीमियम धरून ११२ मिळतात आणि वरचे १८ हुकतात. इथवर धडा चोख आहे. शेअर ७० वर आला तर काय, याचे उत्तर मात्र ‘आपण दीर्घकालीन गुंतवणूकदार आहोत, शेअर तर आपल्याकडे होताच’ एवढ्यावर उरकले आहे. ३० च्या घसरणीत २ चा टेकू मिळाला आणि तोटा २८ राहिला, हे वाक्य त्यात नाही.

यापुढे बाराव्या धड्यात शेअर वा रोख रक्कम बाजूला न ठेवता पुट विकण्याविषयी सांगितले आहे आणि तिथे लाल अक्षरांत इशारा आहे: हा धोकादायक प्रकार असून नवख्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. इशारा योग्यच आहे. पण मी एका संध्याकाळी आलेखाच्या साधनात दोन्ही डाव शेजारी शेजारी मांडून पाहिले. कॉल आणि पुट यांच्या किमतींना बांधणारे पुट-कॉल पॅरिटी नावाचे नाते आहे. हान्स स्टॉल यांनी ते १९६९ मध्ये मांडले, आणि या अभ्यासक्रमात त्याचा उल्लेख चौथ्या धड्याच्या एका कोपऱ्यात येऊन जातो. व्याज आणि लाभांश बाजूला ठेवले तर वरच्या उदाहरणात ११० च्या पुटची किंमत १२ निघते (कॉलचे २ अधिक स्ट्राइकचे ११० वजा शेअरचे १००). तो पुट १२ ला विकला आणि शेअर १३० वर गेला तर नफा १२. कव्हर्ड कॉलमध्येही १० अधिक २ म्हणजे १२. शेअर ७० वर आला तर पुट विकणाऱ्याला ४० वजा १२ म्हणजे २८ चा तोटा. कव्हर्ड कॉलवाल्यालाही २८ चाच. कोणताही भाव घालून पाहा, दोन्ही आलेख एकमेकांवर तंतोतंत बसतात. एकाच नफा-तोट्याच्या आकृतीला आठव्या धड्यात नियमित उत्पन्न म्हटले आहे आणि बाराव्या धड्यात लाल अक्षरांत धोका म्हटले आहे. उधारीवर सौदा फुगवला जाण्याचा प्रश्न पुट विकण्यात अधिक आहे, हे मान्य. पण तो भांडवल किती गुंतवले याचा प्रश्न आहे, आकृतीचा नाही. चौथ्या धड्यातला तो कोपरा आठव्या धड्यात आणून ठेवला असता तर विद्यार्थ्याला कव्हर्ड कॉल कशाच्या मोबदल्यात २ देतो हे कळले असते.

संरक्षक पुटचा धडाही थोडा लंगडा झाला आहे. १०० चा शेअर, ९५ चा पुट २ ला घेतला, काहीही झाले तरी तोटा ७ च्या पुढे जात नाही, हा हिशेब बरोबर आहे आणि विम्याची उपमाही चालून जाते. पण विम्याचा हप्ता घराला आग लागल्याच्या दुसऱ्या दिवशी दुप्पट होत नाही. पुटचा होऊ शकतो. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के कोसळला आणि त्यानंतर निर्देशांकांवरचे खालच्या स्ट्राइकचे पुट सूत्राच्या साध्या हिशेबापेक्षा महाग राहू लागले, ते आजतागायत. घाबरलेल्या बाजारात संरक्षण घ्यायला जाणाऱ्याला ही महागाई भोवते. धड्यात प्रत्येक स्ट्राइकला एकच व्होलॅटिलिटी धरली आहे, त्यामुळे सरावात पुट जितके स्वस्त मिळाले तितके प्रत्यक्ष चेनवर मला दिसले नाहीत.

तेराव्या धड्याविषयी माझी तक्रार सर्वांत मोठी आहे. त्यात कॉल आणि पुट दोन्ही विकून प्रीमियम खाण्याचा, म्हणजे शॉर्ट स्ट्रॅडलचा, प्रकार शिकवला आहे, आणि ‘विकणारा दहापैकी आठ वेळा जिंकतो’ हे विधान धड्यात तीनदा येते. समजा ते खरे आहे. आठ वेळा १ मिळाला, दोन वेळा ५ गेले. हाती काय उरले? वजा २. जिंकण्याची संख्या आणि जिंकण्याची रक्कम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सांगायला एक मिनिट पुरले असते. शॉर्ट स्ट्रॅडल म्हणजे काही विशेष घडणार नाही यावर लावलेली पैज, आणि त्या पैजेचे उदाहरण इतिहासात ठळक आहे. निक लीसन या बेअरिंग्ज बँकेच्या व्यापाऱ्याने निक्केई या जपानी निर्देशांकावर स्ट्रॅडल विकून ठेवले होते. १७ जानेवारी १९९५ रोजी कोबेला भूकंप झाला, बाजार घसरला, तोटा भरून काढण्यासाठी त्याने फ्युचर्सची (पुढच्या तारखेच्या बंधनकारक खरेदी-विक्री करारांची) खरेदी वाढवत नेली आणि फेब्रुवारी संपण्याआधी १७६२ मध्ये स्थापन झालेली ती बँक सुमारे ८२.७ कोटी पौंडांच्या तोट्याखाली बुडाली. त्या तोट्यात फ्युचर्सचा वाटा मोठा होता, पण निर्देशांक कोसळणार नाही हा भरवसा दोन्हींच्या मुळाशी होता. थेलीसला पाव तास देणाऱ्या अभ्यासक्रमात लीसनला एक मिनिटही नसावे, याचे आश्चर्य वाटते.

मार्जिनचा १२ मिनिटांचा धडा इथे अपुरा पडतो. विकणाऱ्याकडून दलाल सुरुवातीला किती रक्कम अडकवून घेतो हे त्यात आहे. सौदा विरुद्ध जाऊ लागला आणि व्होलॅटिलिटी वाढली की तीच रक्कम रोज वाढत जाते, आणि ती वेळेत भरली नाही तर आपला अंदाज शेवटी बरोबर ठरणार असला तरी सौदा आपल्या वतीने आधीच बंद केला जातो, हे त्यात नाही. मुदतीच्या दिवशीचा आलेख रेखीव असतो, परंतु त्या दिवसापर्यंत टिकायचे कसे याचे चित्र त्यात नसते. अमेरिकन पद्धतीच्या ऑप्शनमध्ये घेणारा मुदतीआधीही अधिकार बजावू शकतो आणि लाभांशाच्या तारखेच्या आदल्या दिवशी कव्हर्ड कॉलवाल्याचा शेअर लाभांशासकट हातचा जाऊ शकतो, यावर एक वाक्य आहे. युरोपीय पद्धतीत तसे होत नाही, यावर दुसरे. (या नावांचा खंडांशी संबंध नाही.)

बाकी सेवेविषयी थोडक्यात. चित्रफिती स्पष्ट आहेत, शिक्षकांचा आवाज संथ आहे आणि मराठी ओढूनताणून शुद्ध केलेली नाही. प्रीमियमला ते प्रीमियमच म्हणतात. शंका विचारण्याची सोय आहे, उत्तर दोन-तीन दिवसांत येते. शुल्क भरल्यावर एक वर्ष धडे पुन्हा पाहता येतात. ज्याला ऑप्शन घ्यायचे आहेत किंवा चेन वाचायला शिकायची आहे, त्याने पहिले दहा धडे बिनदिक्कत घ्यावेत. विकायचे असेल तर तेरावा धडा पाहण्याआधी आलेखाच्या साधनात एक रात्र घालवावी आणि व्होलॅटिलिटीची पट्टी अगदी उजव्या टोकाला नेऊन पाहावी.

शेवटी ४० प्रश्नांची परीक्षा असते. ३१ वा प्रश्न असा होता: कव्हर्ड कॉलमधील मुख्य जोखीम कोणती? मी ‘शेअर कोसळणे’ हा पर्याय निवडला. उत्तरसूचीत ‘शेअर चढल्यास नफा हुकणे’ हे बरोबर धरले होते. मी ७० आणि ११० चे वरचे आकडे मांडून कळवले. तिसऱ्या दिवशी नम्र उत्तर आले की, आपला मुद्दा रास्त आहे, परंतु प्राथमिक पातळीसाठी दिलेले उत्तर पुरेसे आहे. प्रमाणपत्रावर ४० पैकी ३९ गुण आहेत.